ड्युअल बूट: दोन बिऱ्हाडांपैकी एक बदलताना

२०२० च्या आसपास संशोधनासाठी घेतलेले बरेचसे लॅपटॉप एका साच्यातले असतात. अर्ध्या डिस्कवर विंडोज १०, अर्ध्यावर उबुंटू २०.०४. आता दोघांचीही मुदत एकाच वर्षात भरली. उबुंटू २०.०४ चे नेहमीचे अपडेट मे २०२५ च्या अखेरीस थांबले आणि विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ ला. मशीन चालतंय, काही बिघडलेलं नाही, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या बंद झाल्यात. तेव्हापासून आमच्या ओळखीतले निम्मे पीएचडीवाले एकच प्रश्न विचारतायत: एक बाजू काढून तिथे नवीन काही बसवायचंय, पण दुसऱ्या बाजूला धक्का लागता कामा नये. जमतं का?

जमतं. पण वाडा एक आणि बिऱ्हाडं दोन असली, की एक बिऱ्हाड हलवताना नेमकं काय सामाईक आहे हे आधी माहीत असावं लागतं. गडबड नेहमी सामाईक जागेतच होते. खोल्या आपापल्या असतात. दिंडीदरवाजा, जिना आणि वाड्याचा नकाशा मात्र दोघांचा.

माझ्यापुरतं सांगायचं तर दोन्ही बाजू लागतातच. मी रेवदंड्याच्या खाडीतल्या पाण्याच्या पातळीच्या नोंदींवर काम करतो. पाण्यात टाकलेल्या नोंदयंत्राशी बोलणारं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, आणि पुढचं सगळं विश्लेषण लिनक्सवर. शिवाय जुन्या मराठी फायली श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतात. त्या लिनक्सवर उघडल्या की नुसती चिन्हांची भेळ दिसते. विंडोज काढायचंच असेल, तर या फायली आधी युनिकोडमध्ये करून घ्या. नंतर ते काम फार जड जातं.

तर इथे मुख्य गोष्ट धरतोय ती ही: विंडोज तसंच ठेवायचं आणि जुनं उबुंटू काढून त्या जागी नवं लिनक्स बसवायचं. उदाहरणाला लिनक्स मिंट २२ घेऊ. ते उबुंटू २४.०४ वरच उभं आहे आणि २०२९ पर्यंत त्याला आधार आहे.

संगणक जागा होताना काय वाचतो

जुन्या बायोस पद्धतीच्या मशीनमध्ये डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे पहिले ५१२ बाइट, हाच सगळ्याचा मालक असतो. त्यातले ४४६ बाइट म्हणजे सुरुवातीचा छोटा प्रोग्राम, ६४ बाइट म्हणजे डिस्कच्या विभागांचा तक्ता आणि शेवटचे २ बाइट म्हणजे शिक्का. एवढ्याशा जागेत लिनक्सचा ग्रब पूर्ण मावत नाही. त्याचा फक्त पहिला तुकडा इथे असतो, बाकीचा बराचसा लिनक्सच्या विभागात. आता विंडोजमध्ये बसून कोणी 'हे लिनक्सचे विभाग नकोत' म्हणून ते उडवले, की पहिला तुकडा शिल्लक राहतो आणि त्याला पुढचा भाग सापडत नाही. काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढे शब्द येतात आणि माणूस समजतो की विंडोजही गेलं. विंडोज जागच्या जागी असतं, फक्त तिथपर्यंत नेणारा वाटाड्या अर्ध्यात गळालेला असतो. लिनक्स कायमचंच काढायचं असेल, तर आधी विंडोजच्या दुरुस्तीच्या यूएसबीवरून त्याचा स्वतःचा बूट प्रोग्राम त्या सेक्टरमध्ये परत लिहून घ्यायचा, आणि विभाग मग उडवायचे. हाच क्रम ठेवायचा.

गेल्या दहाएक वर्षांतल्या मशीनमध्ये बायोसच्या जागी यूईएफआय आलं. इथे एक छोटा वेगळा विभाग असतो, बहुतेक वेळा १०० ते ५०० एमबीचा, फॅट ३२ पद्धतीने तयार केलेला. त्याला ईएसपी म्हणतात. त्यात 'मायक्रोसॉफ्ट' नावाचा एक फोल्डर आणि 'उबुंटू' नावाचा दुसरा, दोन्ही शेजारी शेजारी. कोणाला आधी हाक मारायची याची यादी मदरबोर्डवरच्या चिपमध्ये वेगळी साठवलेली असते. म्हणजे दिंडीदरवाज्यावर दोघांच्या पाट्या लागलेल्या आहेत आणि कुठली घंटा आधी वाजवायची ते वॉचमनच्या वहीत लिहिलंय.

ही मांडणी बायोसपेक्षा खूप शहाणी आहे, कारण एकाची पाटी काढली तरी दुसऱ्याची राहते. धोका एकाच ठिकाणी: ईएसपी फॉरमॅट केला की दोन्ही पाट्या एकदम जातात. इन्स्टॉलर चालवताना त्या विभागासमोरच्या 'फॉरमॅट'च्या चौकोनात खूण नाही ना, हे बघणं म्हणजे या सगळ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची दोन सेकंदं.

तक्ता गेला म्हणजे माहिती गेली असं मात्र नाही, आणि हा फरक समजून घ्यायला हवा. विभागांचा तक्ता म्हणजे गावचा गटनकाशा. नकाशा फाटला म्हणून शेत कुठे जात नाही. बांध कुठून कुठपर्यंत होता एवढंच सांगता येत नाही. 'टेस्टडिस्क'सारखी साधनं डिस्कभर फिरून जुन्या बांधांच्या खुणा शोधतात आणि नकाशा परत काढून देतात. पण त्या शेतावर नवीन पेरणी झाली असेल तर ते साधन काही करू शकत नाही. एसएसडीवर तर आणखी वाईट: विभाग फॉरमॅट करताना आजची लिनक्स आणि विंडोज दोन्ही डिस्कला कळवतात की 'ही सगळी जागा आता रिकामी धर', आणि डिस्क ती खरोखर पुसून टाकते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर 'चुकून फॉरमॅट झालं, पण काढून मिळालं' अशा गोष्टी ऐकल्या असतील. एसएसडीवर त्यांच्या भरवशावर राहू नका.

उरणची एक गोष्ट

बूट सेक्टरला हात लागला की काय होतं याचं मोठं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर घडलंय. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा किडा जगभर पसरला. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला. उरणजवळ न्हावा-शेवा बंदरात याच समूहातली एपीएम टर्मिनल्स चालवते ते गेटवे टर्मिनल्स इंडिया आहे. तिथलं कामही ठप्प झालं. हा किडा विंडोजच्या मशीनचा तोच पहिला बूट सेक्टर स्वतःच्या प्रोग्रामने झाकायचा, मशीन पुन्हा चालू व्हायला लावायचा, पडद्यावर 'डिस्क तपासतोय' असं खोटंच दाखवायचा आणि त्या वेळात फायलींची मुख्य सूची कुलूपबंद करायचा. जमीन तिथेच, नकाशाला कुलूप.

मला या गोष्टीतला पुढचा भाग जास्त शिकवणारा वाटतो. मर्स्कच्या संपूर्ण जाळ्यातल्या वापरकर्त्यांची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर होते आणि ते एकमेकांशी सतत ताळमेळ राखायचे. एक पडला तर दुसरा आहे, अशी कल्पना. पण सगळे एकमेकांना जोडलेले असल्याने सगळे एकदमच पुसले गेले. वाचला एकच, घानामधला, कारण तिथे नेमकी वीज गेली होती आणि तो जाळ्यातून तुटलेला होता. त्या एका प्रतीवरून त्यांनी पुढच्या दहाएक दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले.

म्हणजे दीडशे जोडलेल्या प्रतींपेक्षा एक तुटलेली प्रत उपयोगी पडली. तुमच्या लॅपटॉपलाही हेच लागू. 'माझं सगळं क्लाउडवर आहे' हे ठीक, पण क्लाउडचं फोल्डर जर लॅपटॉपशी आपोआप जुळत असेल, तर इथे उडालेलं तिथेही उडू शकतं. बाहेरची हार्ड डिस्क घ्या, बॅकअप घ्या आणि तिची वायर काढून कपाटात ठेवा. इन्स्टॉल करताना ती जोडलेली नकोच. इन्स्टॉलरच्या यादीत जितक्या कमी डिस्क दिसतील तितकं बरं.

बॅकअप घेताना एक बारीक गोष्ट. लिनक्सच्या होम फोल्डरमधल्या फायली सरळ ओढून एक्सफॅटच्या पेनड्राइव्हवर टाकल्या, तर त्यांच्या मालकीच्या आणि परवानगीच्या खुणा गळून पडतात. त्याऐवजी 'टार' करून एकच गाठोडं बांधा, म्हणजे आतली घडी मोडत नाही. पेनड्राइव्ह फॅट ३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर मावत नाही, हेही लक्षात असू द्या. आणि गाठोडं बांधलं म्हणजे झालं असं नाही: दुसऱ्या मशीनवर ते सोडून त्यातल्या दोन-चार फायली उघडून बघा. प्रबंधाची फाइल आणि एखादी मोठी डेटा फाइल तरी बघाच.

शक्य असेल तर क्लोनझिलाने संपूर्ण डिस्कची प्रतिमाही घ्या. दोन-तीन तास जातात, पण नंतर काहीही झालं तरी आजच्या तारखेला परत येता येतं.

विंडोजला आधी नीट झोपवा

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. आपण 'शट डाउन' म्हणतो, पण विंडोज पूर्ण बंद होत नाही. स्वतःचा गाभा डिस्कवर लिहून पडून राहतं. त्याच्या दृष्टीने त्याचे विभाग अजून उघडेच असतात. अशा वेळी लिनक्सने त्या विभागात काही लिहिलं, तर विंडोज जागं झाल्यावर दोघांच्या नोंदी जुळत नाहीत आणि फायली खराब होतात. म्हणून पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ही सोय बंद करायची आणि मग पूर्ण शट डाउन करायचं. ड्युअल बूट ठेवणार असाल तर ती कायमची बंदच असू दे. लॅपटॉप सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, इतकंच.

दुसरं बिटलॉकर. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर विंडोज न विचारता डिस्क कुलूपबंद करतं, आणि मालकाला ते ठाऊकही नसतं. बूटच्या मांडणीत बदल झालाय असं चिपला दिसलं, की विंडोज पुढच्या वेळी ४८ आकडी किल्ली मागतं. ती किल्ली बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर असते. काम सुरू करण्याआधी तिथे जाऊन ती शोधा आणि कागदावर लिहून ठेवा. कागदावरच! त्याच लॅपटॉपमधल्या फाइलमध्ये ठेवून काय उपयोग? मग बिटलॉकर तात्पुरता थांबवून ठेवायचा आणि सगळं झाल्यावर पुन्हा चालू करायचा.

आता विजेचं. आमच्याकडे हा विषय सगळ्यांना पाठ आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर श्रीवर्धन-मुरूडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वादळाचं सोडा, पावसाळ्यात संध्याकाळी दोनदा लाइट जाणं हे नेहमीचंच. डिस्कवरच्या कामात विजेचा खरा धोका कुठे असतो तर विभागाचा आकार बदलताना. त्या वेळी लाखो फायली एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवल्या जात असतात आणि मधेच वीज गेली तर अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे. नुसता विभाग फॉरमॅट करून त्यात नवी सिस्टीम भरणं त्यामानाने फार कमी धोक्याचं, कारण तिथे जपण्यासारखं काही उरलेलंच नसतं. फार तर पुन्हा पहिल्यापासून करायचं. म्हणून माझं मत: सिस्टीम बदलायच्या दिवशी आकार बदलू नका. जेवढी खोली आहे तेवढ्यातच नवं बिऱ्हाड बसवा. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरून चार्जर लावून, डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर.

प्रत्यक्ष काम

मिंटची फाइल उतरवली की तिचा शा-२५६ आकडा संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून बघा. गावाकडच्या नेटवर तीनेक जीबीची फाइल उतरवताना मधे तुटून जोडलेली असते. एखादा बाइट इकडचा तिकडे झाला तर इन्स्टॉल अर्ध्यात अडकतं, आणि तोपर्यंत जुनं फॉरमॅट होऊन गेलेलं असतं. हा आकडा जुळवणं म्हणजे पुढचा अर्धा दिवस वाचवणं.

पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून मशीन सुरू केलं की लगेच इन्स्टॉल दाबायचं नाही. आधी नुसतंच वापरून बघा: वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, टचपॅड चालतोय का, मराठी इनस्क्रिप्टने टाइप होतंय का. मग 'डिस्क्स' किंवा 'जीपार्टेड' उघडून सगळ्या विभागांची यादी कागदावर उतरवा. प्रत्येकाचा क्रमांक, आकार, प्रकार, आणि त्यात काय आहे. नावावर विसंबून राहू नका, कारण यूएसबी जोडलेली असताना 'एसडीए'चं 'एसडीबी' होऊ शकतं. आकार मात्र बदलत नाही. २३८ जीबीची एसएसडी आणि ९३१ जीबीची हार्ड डिस्क यात गोंधळ होणं अवघड.

इन्स्टॉलरमध्ये पहिला मोठा फाटा येतो. 'इरेज डिस्क' असा एक पर्याय सगळ्यात वर, सोपा आणि मोहात पाडणारा असतो. तो जुनं लिनक्स पुसत नाही, अख्खी डिस्क पुसतो. आपल्याला खालचा 'समथिंग एल्स' हवा. तिथे तीनच गोष्टी ठरवायच्या. जुन्या उबुंटूचा मूळ विभाग निवडायचा, तो 'रूट' म्हणून वापरायचा आणि फॉरमॅट करायचा. होमचा वेगळा विभाग असेल तर तो 'होम' म्हणून निवडायचा, पण फॉरमॅट करायचा नाही. ईएसपी आपोआप ओळखला जातो. तो तसाच राहू द्यायचा. बाकीच्या कुठल्याही ओळीला, विशेषतः एनटीएफएस लिहिलेल्या, हात लावायचा नाही. शेवटी 'हे बदल डिस्कवर लिहू का' असा प्रश्न येतो आणि कुठले विभाग फॉरमॅट होणार त्यांची नावं त्यात दिसतात. ती यादी कागदाशी ताडा. इथपर्यंत डिस्कवर काहीच झालेलं नसतं, मागे फिरता येतं. एकदा 'हो' म्हटलं की मात्र कमानीतून बाण सुटला.

होम जसंच्या तसं वापरणार असाल तर एक सूचना. त्यात जुन्या डेस्कटॉपच्या शेकडो लपलेल्या सेटिंग फायली असतात आणि नवा डेस्कटॉप त्या वाचून कधी कधी विचित्र वागतो. मला सोपं वाटतं ते असं: जुन्या घराचं नाव लाइव्ह यूएसबीवरूनच बदलून ठेवायचं, नव्या नावाच्या कोऱ्या घरात राहायला जायचं आणि लागेल तसं सामान जुन्या घरातून आणायचं. पहिल्या वापरकर्त्याला उबुंटू आणि मिंट दोन्ही १००० हाच क्रमांक देतात, त्यामुळे जुन्या फायलींची मालकीही आपोआप तुमच्याकडेच येते.

मशीनमध्ये दोन डिस्क असतील, विंडोज एकीवर आणि लिनक्स दुसरीवर, तर डेस्कटॉपवाल्यांनी सरळ विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवावी. मिंटचा इन्स्टॉलर, तुम्ही दुसरी डिस्क सांगितली तरी, बूटच्या फायली पहिल्या डिस्कवरच्या ईएसपीत टाकतो अशी त्याची जुनी खोड आहे. फक्त मग नव्या डिस्कवर छोटा ईएसपी स्वतः बनवावा लागतो.

सुरू केल्यावर विंडोज दिसत नाही

हा फोन मला सगळ्यात जास्त येतो. नवं लिनक्स बसलं, मशीन सुरू केलं, आणि यादीत विंडोजच नाही. घाबरू नका. ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, डिस्कवरच्या दुसऱ्या सिस्टीम शोधणारा 'ओएस-प्रोबर' सुरक्षेच्या कारणाने बंद करून ठेवलाय. काही लिनक्सवाले तो स्वतःहून चालू करून देतात, काही नाही. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये तो चालू करायचा, 'अपडेट-ग्रब' चालवायचं, आणि विंडोज यादीत येतं. तेवढंही करायचं नसेल तर मशीन सुरू होताना एफ१२ किंवा तुमच्या कंपनीची जी कळ असेल ती दाबून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडा. तो यूईएफआयच्या स्वतःच्या यादीत असतोच.

उलटंही होतं. विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर ते स्वतःला यादीत पहिलं लावून घेतं आणि लिनक्स नाहीसं झाल्यासारखं वाटतं. ऑगस्ट २०२४ मध्ये तर विंडोजच्या एका अपडेटने जुन्या लिनक्सच्या बूट फायली असुरक्षित ठरवल्या, आणि सिक्युअर बूट चालू असलेल्या कित्येक ड्युअल बूट मशीनवर लिनक्स सुरूच होईना. म्हणूनच दोन्ही बाजू बदलायच्या असतील, विंडोज ११ पण आणि नवं लिनक्स पण, तर आधी विंडोज करा. लिनक्स शेजाऱ्याला सांभाळून घेतं. विंडोज वाडा आपलाच समजतं.

मशीन विंडोज ११ च्या अटीत बसत नसेल तर विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवता येतं, ती मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. नोंदयंत्रासारख्या एकाच कामासाठी विंडोज लागत असेल तर मी ते इंटरनेटला न जोडताच वापरीन.

सगळं नीट चाललं की जुन्या पाट्या साफ करण्याचा मोह होतो. ईएसपीत 'उबुंटू' नावाचं फोल्डर दिसतं, आता उबुंटू तर नाही, मग उडवूया! थांबा. मिंट स्वतःच्या बूट फायली त्याच 'उबुंटू' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. ते फोल्डर उडवलंत तर आत्ताच बसवलेलं मिंट गेलं.

साडेपाच तासांचा घोळ

आता माझ्या विषयाशी सरळ जोडलेली गोष्ट. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स जागतिक वेळ. आपली वेळ त्यापेक्षा ५ तास ३० मिनिटं पुढे. त्यामुळे नव्या लिनक्सने घड्याळ स्वतःच्या पद्धतीने लिहिलं, की विंडोज उघडल्यावर वेळ साडेपाच तास मागे दिसते. घरी नेट असतं, वेळ थोड्या वेळात दुरुस्त होते, कोणी लक्षही देत नाही. पण कोर्लईच्या पायथ्याशी होडीत बसून, नेट नसताना, त्याच विंडोजवरून नोंदयंत्राला वेळ दिली तर? पुढचा महिनाभर ते यंत्र इमानदारीने चुकीची वेळ लिहीत राहतं.

आणि साडेपाच तास ही भरती-ओहोटीच्या दृष्टीने फार वाईट संख्या आहे. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं. म्हणजे भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास. साडेपाच तासांनी नोंद सरकली की भरतीच्या जागी जवळजवळ ओहोटी येते. आलेख दिसायला अगदी छान, गुळगुळीत, उधाण-भांगाचा चढउतारही बरोबर; फक्त पाणी चढतं तेव्हा उतरताना दिसतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाणाऱ्या कोणालाही विचारा, या दोन वेळांत काय फरक असतो. उधाणाच्या दिवसांत पाण्याच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. एक-दोन तासांची चूक असती तर आलेख बघून शंका आली असती. साडेपाच तासांची चूक 'खाडीच्या तोंडाशी काहीतरी वेगळं घडतंय' अशा शोधाचं रूप घेऊ शकते, आणि त्यावर एखादा शोधनिबंधही लिहिला जाऊ शकतो.

उपाय एका ओळीचा आहे. लिनक्सला 'टाइमडेटसीटीएल'ने सांगायचं की मदरबोर्डचं घड्याळ स्थानिक वेळेचं धर. सांगताना ते इशारा देतं की ही पद्धत चांगली नाही. पण त्या इशाऱ्याचं मोठं कारण म्हणजे उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळ मागेपुढे करणारे देश. आपल्याकडे तो प्रकार नाही, त्यामुळे खुशाल करा. आणि नेटशिवाय, मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघितल्याशिवाय, नोंदयंत्राला वेळ देऊ नका.

जुन्या-नव्याची जोडी लावणं

सिस्टीम बदलली, सगळं सुरू झालं, तरी संशोधकाचं काम संपत नाही. कालचा आकडा आणि आजचा आकडा एकच येतो का, हा प्रश्न राहतोच.

आमच्या जिल्ह्यात हे काम सव्वाशे वर्षांपूर्वी फार नीट करून ठेवलेलं आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. १८५९ चं प्रसिद्ध सौर वादळही तिथे टिपलं गेलं. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्या विजेने सूक्ष्म चुंबकीय नोंदी बिघडणार होत्या. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडचं अलिबाग निवडलं आणि तिथे चुंबकाला न ओढणाऱ्या साहित्याची वास्तू उभी राहिली. १९०४ मध्ये अलिबागचं काम सुरू झालं, पण कुलाब्याचं लगेच थांबवलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या आणि दोन जागांच्या आकड्यांत नेमका किती फरक पडतो ते काढलं. मगच कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बंद केल्या. म्हणून आज कुलाबा-अलिबाग ही नोंदींची एकच सलग मालिका धरता येते, आणि १८५९ च्या वादळाची तुलना आजच्या वादळाशी करता येते.

लॅपटॉपवर हे छोट्या प्रमाणात करायचं. जुनं उबुंटू पुसण्याआधी एका महिन्याच्या डेटावर संपूर्ण विश्लेषण चालवा, निकाल जपून ठेवा, आणि कुठल्या साधनाची कुठली आवृत्ती आहे ती यादीही. तेच सगळं नव्यावर चालवा आणि ताडा. आठव्या-नवव्या दशांश स्थळाला फरक आला तर तो गणिती लायब्ररी बदलल्याचा, सोडून द्या. दुसऱ्या-तिसऱ्या स्थळाला आला तर थांबा.

याचं एक खरंखुरं उदाहरण. उबुंटू २०.०४ सोबत येणारी 'आर' ही ३.६ आवृत्तीची, आणि २४.०४ सोबतची ४.३. मधे २०२० मध्ये 'आर'ने एक मुकाट बदल केला: फाइल वाचताना शब्द असलेल्या स्तंभाला पूर्वी ते 'फॅक्टर' बनवायचं, आता साधा मजकूर म्हणून ठेवतं. पाण्याच्या पातळीच्या स्तंभात कुठेतरी एकदा 'नोंद नाही' असं लिहिलेलं असेल, तर जुन्या 'आर'मध्ये तो अख्खा स्तंभ फॅक्टर व्हायचा. मग त्याचे आकडे करायला सांगितलं की पाण्याची पातळी मिळायची नाही. फॅक्टरचे १, २, ३ असे अनुक्रमांक मिळायचे, तेही कुठलाही इशारा न देता. नव्यात तोच प्रोग्राम खरे आकडे देतो आणि 'नोंद नाही'च्या जागी रिकामी खूण ठेवतो. म्हणजे फरक आला की दर वेळी नवं चुकलं असं नसतं. कधी कधी जुन्यातच दोन वर्षं चूक बसलेली असते आणि ती ताडून बघितल्याशिवाय दिसत नाही.

डिस्कवर आधीपासूनच ३०-४० जीबी जागा मोकळी असेल, तर मग जुनं पुसूच नका. नवं लिनक्स त्या मोकळ्या जागेत बसवा, जुनं तसंच राहू द्या आणि दोन-तीन महिने दोन्हीवर काम चालवा. नेट मात्र जुन्याला जोडू नका. आकडे जुळतायत अशी खात्री झाली की मग जुन्याचा विभाग पुसून ती जागा डेटासाठी घ्यायची. क्लोनझिलाची प्रतिमा मात्र प्रबंध जमा होऊन तोंडी परीक्षा पार पडेपर्यंत कपाटातल्या त्या डिस्कवर असू दे. परीक्षक तिसऱ्या प्रकरणातला एखादा आकडा कसा आला हे विचारू शकतात.